बेक विचारतात 'कशावरून?', एलिस विचारतात 'असलं तर?'

नैराश्यासाठी उपचार घेणारं कुणी 'माझी सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलण्याचा उपचार) चालू आहे' असं सांगतं, तेव्हा ऐकणारा बरेचदा म्हणतो, 'म्हणजे ते विवेकनिष्ठ विचारांचंच ना?' नातं जवळचं आहे, पण दोन्ही एक नव्हेत. आपल्याकडे ही गल्लत जरा जास्तच होते, कारण मराठी वाचकाला विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस आधी भेटले. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची पद्धत आत्मसात केली आणि इथे रुजवली. नैराश्यावरच्या बोधनिक उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, पाया घालणारे ॲरन बेक मात्र आपल्याला त्या मानाने परकेच राहिले.

दोघेही अमेरिकन आणि मनोविश्लेषणात तयार झालेले. त्यातून बाहेर पडण्याच्या वाटा मात्र वेगळ्या. एलिस यांनी 1955च्या सुमारास मनोविश्लेषण सोडलं आणि प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा आधार घेतला: माणसं घटनांनी नव्हे, तर घटनांकडे बघण्याच्या दृष्टीने अस्वस्थ होतात. बेक फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हा मनोविश्लेषणाच्या जनकाचा, फ्रॉइडचा, सिद्धांत खरा ठरवायला ते रुग्णांची स्वप्नं तपासत होते. स्वप्नांत रागाऐवजी सापडलं ते अपयश, गमावणं, नाकारलं जाणं. जागेपणीही रुग्णांच्या मनात आपसूक उमटणारी छोटी, कडवट वाक्यं त्यांना दिसली. त्यांचे विषय तीनच: मी वाईट, जग वाईट, पुढेही सगळं वाईटच.

फरक कळायला एक प्रसंग घेऊ. सकाळचे साडेसहा. नैराश्यात असलेली एक बाई ओट्याशी उभी आहे. डोळ्यांदेखत दूध वर येतंय आणि गॅस बंद करायला हात पुढे होत नाही. दूध शेगडीवर सांडतं, करपल्याचा वास सुटतो. मनात वाक्य उमटतं, 'साधं दूध सांभाळता येत नाही. मी अगदी बिनकामाची.'

बेक यांच्या वाटेने जाणारा समुपदेशक तिच्या हातात वही देतो. काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं आणि ते शंभरपैकी किती. ती लिहिते: दूध उतू गेलं, मी बिनकामाची, उदास, 85. मग दोघं मिळून, एखादी नोंद तपासावी तसं ते वाक्य तपासतात. बिनकामाची, कशावरून? विरोधात काही आहे का? त्याच सकाळी, तीन तासांच्या झोपेवर, तिने मुलीची वेणी घातली होती, डबा भरला होता. नैराश्यात नजर अशा गोष्टींवरून घसरून जाते. तिला त्या खरोखरच दिसलेल्या नसतात. नवं वाक्य तयार होतं: 'झोप नव्हती, लक्ष नव्हतं, दूध उतू गेलं.' आकडा 55वर येतो. शून्यावर यायची गरज नसते. 'सगळं छान आहे' असं स्वतःला पढवणं तर यात कुठेच नाही. याच्या जोडीला छोटी कामंही असतात: गच्चीत दहा मिनिटं फिरून ये, किती बरं वाटेल ते आधी लिही, प्रत्यक्षात किती वाटलं ते नंतर.

एलिस वेगळीकडून येतात. 'धरून चालू, रोज दूध उतू जातं. पोळ्याही करपतात. मग?' ती म्हणणार, 'मग मी नालायकच ना?' इथे ते थांबवतात. दूध सांडणं वाईट, पण त्यावरून अख्ख्या माणसाला शून्य मार्क का? या वाक्यामागे त्यांना एक हट्ट दिसतो: मला घर नीट सांभाळता आलंच पाहिजे. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, 'च'. तो काढला की इच्छा उरते: आलं तर बरं, नाही आलं तर वाईट वाटेल. वाईट वाटण्याला एलिस यांची हरकत नाहीच. दुःख निरोगी असतं. 'मी रद्दच झाले' ही विषण्णता तशी नसते.

म्हणून खरोखरच काही गमावलेलं असतं, नोकरी गेलेली असते, माणूस गेलेलं असतं, तेव्हा मला एलिस यांचा प्रश्न अधिक खोल वाटतो, 'कशावरून?' विचारून गेलेलं परत येत नाही. बेकसुद्धा पुढे गाभ्यातल्या समजुतींपर्यंत पोचतात, हेही खरं. पण नैराश्य गडद असताना वाद घालण्याचं बळ माणसात नसतं, तेव्हा सुरुवात बेक यांच्या वहीनेच व्हावी असं मला कळकळीने वाटतं. एलिस यांचा थेटपणा कसलेल्या माणसाच्या हाती औषध ठरतो. स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याने म्हटलेलं 'अगं, कुठे लिहिलंय तुला जमलंच पाहिजे म्हणून?' हा उपचार नव्हे. ती बोलणीच लागतात.

गुणाच्या बाबतीत दोन्ही तोलामोलाच्या. रोमानियात 170 रुग्णांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन पद्धती आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध यांची तुलना झाली. 14 आठवड्यांच्या उपचारांअखेर तिघांत ठळक फरक दिसला नाही. नैराश्य तीव्र असेल तर गोळ्या आणि संवाद बरोबरीने चालतात. जीव नकोसा वाटत असेल तर वहीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा, किंवा 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर लगेच बोलावं.

आज बरेच समुपदेशक दोन्हींतलं घेतात. त्या बाईच्या वहीत पहिले काही आठवडे दूध, डबा, गच्ची असंच लिहिलेलं असेल. 'च'चा शोध त्यानंतरच्या पानांवर.