पेमेंट गेटवेचा अर्ज: सगळे कागद देऊनही नाकारला का जातो?

‘सगळं अपलोड केलं, तरी रिजेक्ट आलं.’ पेमेंट गेटवेचा, म्हणजे वेबसाइटवर ग्राहकांचे पैसे ऑनलाइन घेण्याच्या सोयीचा, अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण सुरुवात याच वाक्याने करतात. मग मी कागद टेबलावर ओळीने मांडते. पॅनवर एक नाव असतं, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं आणि वेबसाइटवर दुकानाचं चौथंच. कागद खरोखरच सगळे असतात. फक्त ते एकाच माणसाचे आहेत असं समोरच्याला दिसत नाही. नाकारलेल्या अर्जांत कागद कमी असल्याचं मी क्वचितच पाहिलंय. कागदांचा एकमेकांशी मेळ नसणं हेच कारण बहुतेक वेळा निघतं.

आधी पात्रता, कारण ती सोपी आहे. सज्ञान असाल, पॅन असेल आणि बँकेत खातं असेल तर अर्ज करता येतो. एकल मालकी (एकाच माणसाच्या मालकीचा धंदा), भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), कंपनी, काहीही चालतं. घरून विकणारे बहुतेक जण एकल मालकीत येतात, म्हणून पुढचं सगळं त्यांना धरून लिहिलंय. एक गोष्ट मात्र अर्जाआधीच तपासा. जी कंपनी तुमच्या ग्राहकांचे पैसे स्वतःकडे घेऊन नंतर तुम्हाला देणार आहे, ती पेमेंट ॲग्रिगेटर असते आणि तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ‘केवायसी नको, आजच सुरू करा’ असा मेसेज पाठवणारा त्या यादीत सापडला नाही, तर विषय तिथेच संपवा.

‘धंद्याचा पुरावा’ म्हणजे नक्की काय

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. एकल मालकीला वेगळं पॅन नसतं, मालकाचं पॅन हेच धंद्याचं पॅन. त्यामुळे ‘हा धंदा खरंच आहे’ हे दुसऱ्या कागदांनी दाखवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार मालकाच्या ओळखीशिवाय धंद्याच्या नावाचे दोन पुरावे अपेक्षित आहेत. उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं), शॉप ॲक्टचा कागद, जीएसटी प्रमाणपत्र, आयात-निर्यात कोड, धंद्याचं उत्पन्न दाखवलेलं आयकर विवरण, धंद्याच्या नावाचं वीज किंवा फोनचं बिल, असे पर्याय त्यात आहेत. दोन मिळणं शक्यच नाही अशी खात्री पटली तर एकावर भागवण्याची मुभाही आहे, पण मग गेटवेवाले जागेवर येऊन किंवा इतर मार्गाने पडताळणी करतात. गेटवेचा माणूस ही मुभा स्वतःहून सांगत नाही. तुम्हालाच विचारावं लागतं, आणि लेखी विचारलेलं बरं.

‘उद्यम काढलंय की!’ असं म्हणून लोक निर्धास्त असतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. ती आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. सरकारी दिसणारी साइट शुल्क मागत असेल तर ती सरकारी नाही, एवढं लक्षात ठेवा. गोम आहे ती फॉर्मातल्या एका रकान्यात. तिथे उद्योगाचं नाव विचारतात आणि घाईत असलेला माणूस आपलंच नाव टाकून मोकळा होतो. पुढे प्रमाणपत्रावर उद्योग म्हणून त्याचंच नाव छापून येतं, वेबसाइटवर मात्र ‘अमुक क्रिएशन्स’. आता हे प्रमाणपत्र ‘अमुक क्रिएशन्स’चा पुरावा कसा ठरणार? सुदैवाने उद्यममध्ये दुरुस्ती करता येते आणि तीही मोफत. आधी ती करा, अर्ज नंतर.

आयकर विवरणाचंही तसंच. पगार दाखवायला भरलेला आयटीआर-१ इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात धंद्याचं उत्पन्न येतच नाही. आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ मध्ये धंद्याचं नाव लिहिण्याची जागा असते. ती रिकामी सोडू नका.

महाराष्ट्रात शॉप ॲक्टचा, म्हणजे गुमास्त्याचा, आणखी एक घोळ आहे. २०१७ च्या कायद्यानंतर मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्वीसारखं लायसन्स मिळत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची. गेटवेच्या तपासनिसाला मात्र ‘नोंदणी प्रमाणपत्र’ हवं असतं, मग पावती बघून तो अर्ज परत पाठवतो. अशा वेळी नवीन काही काढायला धावू नका. छोट्या आस्थापनेला कायद्यानुसार हीच पावती मिळते, असं दोन ओळींत लिहून तोच कागद पुन्हा जोडा. कायद्याने जे द्यायचंच बंद केलं, ते माणसाने आणायचं कुठून, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

नाव, आणि लग्नानंतरचं नाव

साड्यांना फॉल-पिको करून ऑनलाइन विकणाऱ्या एका ताईंचा अर्ज तीनदा परत आला होता. पॅनवर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर सासरचं. बँकेत सासरचंच, पण मधलं नाव नुसतं आद्याक्षर. गेटवे खातं तपासताना त्यात एखादा रुपया टाकून बघतो आणि बँकेकडून येणारं खातेदाराचं नाव अर्जातल्या नावाशी जुळवतो. ही जुळणी बहुतेक ठिकाणी यंत्र करतं, आणि यंत्राला माहेर-सासर कळत नाही. ताई दर वेळी अर्जच नव्याने भरत होत्या, मूळ नावाला हात न लावता.

उपाय एकच, सगळीकडे एक नाव. कुठलं ठेवायचं ते तुमची इच्छा. माहेरचं ठेवायचं तर आधार आणि बँक बदला, सासरचं ठेवायचं तर पॅन बदला. आडनाव लग्नामुळे बदललं असेल तर पॅनच्या दुरुस्तीला विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं, राजपत्राची गरज नाही.  हे सगळं होईपर्यंत गेटवेचा अर्ज थांबवा. चुकीच्या नावाने चौथ्यांदा अर्ज केल्याने काही साधत नाही.

वीजबिल सासऱ्यांच्या नावावर

पत्त्याचा पुरावा म्हटलं की लोक वीजबिल काढतात. ते सासऱ्यांच्या नावावर असतं आणि सासरे वारून दहा वर्षं झालेली असतात. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट असावी.

इथे दोन वेगळे पत्ते असतात आणि त्यांची गल्लत होते. एक तुमचा राहण्याचा, त्याला आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना पुरतो. दुसरा धंद्याचा. घरूनच धंदा असेल तर जागा ज्याची आहे त्याचं संमतीपत्र आणि सोबत त्याच्या नावाचं बिल किंवा घरपट्टीची पावती द्यायची. भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करार. जागेचा मालकच हयात नसेल तर संमती द्यायला कोणी उरत नाही, म्हणून घरपट्टी किंवा वीजबिल आधी वारसांच्या नावावर करून घ्या. वेळ लागतो, चकरा होतात, पण पुढे जीएसटीलाही हाच कागद मागतात, तेव्हा एकदाच काय ते करून टाका.

बिलाची तारीखही बघा. पत्त्यासाठी वीज, फोन, गॅस यांचं बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. जपून ठेवलेलं मार्चमधलं बिल जुलैत चालत नाही, ते कितीही स्वच्छ स्कॅन केलेलं असो.

बँक खात्याबद्दल एकच सांगणं: धंद्यासाठी चालू खातं, धंद्याच्या नावाने. बचत खातं धंद्याच्या व्यवहारांसाठी नसतं.

वेबसाइट बघणारा माणूस

तुमची वेबसाइट कोणीतरी खरोखर उघडून बघतो. वस्तू नाहीत, किमती नाहीत, ‘लवकरच येत आहोत’ एवढंच लिहिलंय, तर अर्ज परत. परतावा, रद्द करणं, माल पोहोचवणं, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही पानं हवीतच. लोक ती दुसऱ्याच्या साइटवरून उचलतात. मी एका अर्जदाराचं परताव्याचं पान वाचलं तर चौथ्या ओळीत भलत्याच कंपनीचं नाव आणि भलत्याच शहराचं न्यायालय. तपासनिसाने ते वाचलं होतं, अर्जदाराने नव्हतं.

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार साइटवर धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. एकट्याने धंदा करत असाल तर तो अधिकारी तुम्हीच. हसू येतं, पण नाव लिहा.

आणि मालाचा प्रकार खरा सांगा. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक लागेल. तो टाळायला ‘गृहोपयोगी वस्तू’ निवडणारे भेटलेत मला. मंजुरी मिळते, पण पुढे व्यवहार बघून पैसे रोखले जातात, आणि मंजुरीआधी अडकण्यापेक्षा हे अडकणं फार वाईट.

जीएसटी: चाळीस लाखांचा गैरसमज

‘माझी उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे, मला जीएसटी नको.’ अर्धं खरं. मालासाठी ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख ही मर्यादा महाराष्ट्रात आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर नोंदणी उलाढाल न बघता लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना त्यात सवलत आहे. स्वतःच्या वेबसाइटवर ऑर्डर कुठूनही येते, म्हणून हा विचार पहिली ऑर्डर येण्याआधी करायचा.

जीएसटी नोंदणीच्या अर्जातल्या मुदती लोक हटकून चुकवतात. पहिला भाग भरल्यावर तात्पुरता क्रमांक मिळतो, तो १५ दिवसच चालतो. अधिकाऱ्याने शंका काढली तर उत्तर कामाच्या ७ दिवसांत द्यायचं असतं. हे सात दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही मेल उघडल्यापासून नाही. मेल स्पॅममध्ये गेला ही सबब कोणी ऐकत नाही. अर्ज टाकल्यावर रोज पोर्टलवर जाऊन बघा.

आता पुन्हा गेटवेच्या अर्जाकडे. व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवताना, मूळ पॅन कार्ड हातात ठेवा. ई-पॅनची फाइल डिजिटल स्वरूपात देता येते, पण तिची छापील प्रत कॅमेऱ्यासमोर धरलेली चालत नाही. कॉल भारतातूनच व्हायला हवा, तेव्हा व्हीपीएन बंद करा. आधारची प्रत पाठवायची तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी पाठवा.

मंजुरीनंतर

आता पैसे येऊ लागतील, आणि तुम्हाला फसवणारेही.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. ग्राहकाने बरोबरची हिरवी खूण दाखवली तरी स्वतःच्या खात्यात किंवा गेटवेच्या डॅशबोर्डवर रक्कम दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो मागा आणि आपल्या नोंदीशी ताडून बघा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करायची गरजही नसते. ‘चुकून जास्त पाठवले, फरक या नंबरवर परत करा’ असं कोणी म्हणालं तर परतावा गेटवेमधूनच, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करा. दुसऱ्या नंबरवर नाहीच.

ग्राहकाचं कार्ड व्हॉट्सॲपवर घेऊ नका, वहीत लिहून ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कोणालाही पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. सीव्हीव्ही तर कधीच नाही. ग्राहकाने तो स्वतः गेटवेच्या पानावर टाकायचा, तुमच्या नजरेलाही पडायचा नाही.

शुल्काबद्दल रोज भांडणं ऐकते. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. तरी गेटवे स्वतःच्या सेवेचं शुल्क वेगळं लावू शकतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. करार करताना हा आकडा लेखी घ्या.

शेवटचं दुखणं म्हणजे खात्यावर होल्ड. चोरीच्या पैशातून कोणीतरी तुमच्याकडून वस्तू घेतो, मूळ मालक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि तुमच्या खात्यातली रक्कम गोठते. तुम्ही निर्दोष असता, पण ते दाखवावं तुम्हालाच लागतं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याने होल्ड लावला ते लेखी घ्या. तिथे त्या ऑर्डरचं बिल, कुरिअरची पावती, पोहोचल्याची नोंद आणि ग्राहकाशी झालेला संवाद पाठवा. संपूर्ण खातं गोठवलं असेल तर होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवावा, अशी लेखी मागणी करा. यातला एकही कागद त्या दिवशी नव्याने तयार करता येत नाही, म्हणून प्रत्येक ऑर्डरचं बिल आणि कुरिअरची पावती एकाच फोल्डरमध्ये, ऑर्डर क्रमांकाच्या नावाने, पहिल्या दिवसापासून ठेवत जा.