चूल, मिश्री आणि पाचट: धुरातला एक रेणू जनुकापर्यंत कसा पोहोचतो

ऊसतोड सुरू झाली की वाळवा, पलूस, कराड भागात दिवस मावळताना रानावर धुराचा पट्टा पसरलेला दिसतो. हिवाळ्यात जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. त्यामुळे संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, धूर वर न जाता वस्तीतच मुक्काम करतो. या धुरात बरंच काही असतं. इथे त्यातल्या एकाच रेणूबद्दल सांगायचं आहे, कारण तो थेट जनुकाला जाऊन चिकटतो. त्याचं नाव बेन्झो-ए-पायरीन. पुढे नुसतं बेन्झोपायरीन म्हणू.

कार्बनचे 20 अणू, हायड्रोजनचे 12, आणि एकमेकींना जोडलेली पाच कडी. हा रेणू कारखान्यात कोणी मुद्दाम बनवत नाही. लाकूड, पाचट, तंबाखू, प्लास्टिक, डिझेल यांतलं काहीही अपुऱ्या हवेत जळलं की उष्णतेने फुटलेल्या कार्बनच्या तुकड्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ते आपसांत जुळून कडी तयार होतात. म्हणून भडकून जळणाऱ्या जाळापेक्षा धुमसणारी आग जास्त वाईट. चुलीवरच्या पत्र्याला आतून जो काळा, चिकट थर धरतो, त्यात याच जातीची रसायनं असतात. 1775 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. काजळी-डांबरातला नेमका दोषी रेणू वेगळा काढायला 1933 साल उजाडलं.

भारताच्या 2009 च्या मानकांनुसार हवेत बेन्झोपायरीनची वार्षिक सरासरी दर घनमीटरला 1 नॅनोग्रॅमच्या वर जाऊ नये. मोठा माणूस दिवसाला साधारण 11 घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे मानक पाळलेल्या गावातही रोज 11 नॅनोग्रॅमच्या आसपास. एका सिगारेटमधून ओढलेल्या धुरात साधारण तेवढंच असतं. धुराडं नसलेल्या, लाकडाच्या चुलीच्या स्वयंपाकघरात हवेतलं प्रमाण या मानकाच्या कितीतरी पट असतं, आणि तिथे तासन्तास बसणाऱ्या बाईने आयुष्यात विडी ओढलेली नसते.

आता शरीरात काय होतं ते पाहू. खरा पेच इथेच आहे. बेन्झोपायरीन स्वतः फारसं क्रियाशील नसतं. ते तेलकट आहे, पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीवाटे सहज बाहेर पडत नाही. पेशीत शिरल्यावर ते ‘एएचआर’ नावाच्या प्रथिनाला जाऊन बसतं. हे प्रथिन मग पेशीकेंद्रात जातं आणि काही जनुकं चालू करतं. त्यांतलं महत्त्वाचं जनुक सीवायपी-1-ए-1. त्यापासून बनणारं विकर (एन्झाइम) बेन्झोपायरीनला ऑक्सिजन जोडतं, म्हणजे ते पाण्यात विरघळावं आणि बाहेर जावं. बराचसा भाग जातोही. पण दोन-तीन पायऱ्यांनंतर त्यातला थोडा भाग ‘डायॉल इपॉक्साइड’ या अतिशय चिकट रूपात येतो आणि डीएनएमधल्या ग्वानिन (‘जी’) या अक्षराला घट्ट धरून बसतो. विष बाहेर काढण्याच्या खटपटीत शरीरच जास्त जहाल विष तयार करतं.

यावर पेशीकडे उपाय आहे. दुरुस्तीची प्रथिनं डीएनएवर फिरत असतात. कुठे असा फुगवटा दिसला की ती त्या बाजूचा साधारण 30 अक्षरांचा तुकडा कापून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून पाहून नवा भरतात. बहुतेक वेळा काम चोख होतं. मात्र दुरुस्तीआधीच पेशीचं विभाजन झालं, तर नक्कल करणारं विकर त्या जागी अडखळतं आणि चुकीचं अक्षर घालतं. परिणामी ‘जी’च्या जागी ‘टी’ (थायमिन) येतो, आणि तो कायमचा.

1996 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हा चिकट रेणू टीपी-53 या जनुकावर नेमका कुठे बसतो ते तपासलं. टीपी-53 हे पेशीची बेफाम वाढ रोखणारं जनुक. 157, 248 आणि 273 या जागांवर तो सर्वांत जास्त बसलेला आढळला, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींमध्ये याच जागा वारंवार बिघडलेल्या असतात. ‘वातावरणामुळे कॅन्सर होतो’ या मोघम वाक्याला इतका पक्का पुरावा फार थोड्या रसायनांबाबत मिळाला आहे.

अक्षर न बदलताही जनुकाचं वागणं बदलतं. डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या खुणा असतात. त्या कमी-जास्त झाल्या की जनुक जास्त किंवा कमी वाचलं जातं. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकावरची खूण ठळकपणे कमी झालेली दिसते. गरोदरपणात धूम्रपान करणाऱ्या आईच्या बाळाच्या नाळेतल्या रक्तातही ती कमी असते. सवय सुटली की ही खूण हळूहळू पूर्ववत होऊ लागते, त्याला वर्षं लागतात.

एकाच चुलीपुढे बसणाऱ्या दोन जावांना सारखाच त्रास होईल असंही नाही. जीएसटीएम-1 हे जनुक असा चिकट रेणू निकामी करायला मदत करतं, आणि पुष्कळ लोकांत ते जन्मतःच नसतं. त्याची चाचणी करून घेण्यात मात्र अर्थ नाही. जनुक असलं तरी धूर सुरक्षित ठरत नाही.

आपल्याकडे धुराइतकीच चिंता मिश्रीची आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची, ही सवय सातारा-सांगलीच्या खेड्यांत अनेक बायकांना आहे. भाजताना ठसका लागतो तो धूर तर वाईटच, पण भाजण्यामुळे भुकटीतही बेन्झोपायरीन येतं. तंबाखूचे स्वतःचे नायट्रोसामाइन्स, म्हणजे कर्करोग घडवणारी आणखी काही रसायनं, असतात ती वेगळी. मिश्री ओठ आणि हिरडीच्या मध्ये बराच वेळ राहते, पातळ त्वचेतून रसायनं आत जातात. गरोदरपणात मिश्री लावणाऱ्यांच्या बाळांचं वजन कमी भरतं, हे महाराष्ट्रातल्याच अभ्यासांत दिसलं आहे. ‘दात साफ होतात’ म्हणून लावली जाते, पण सुटत नाही ती निकोटीनमुळे. म्हणून सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे ठाऊक नसलं की ‘मला सोसत नाही’ म्हणून पुन्हा डबी उघडली जाते. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

धुराबाबत काय बदललं की फरक पडतो, याचा चांगला दाखला चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेई भागात आहे. तिथे घरात धूर ओकणारा कोळसा जाळत आणि धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण अतोनात होतं. चुलींना धुराडी बसवल्यावर काही वर्षांनी तो धोका जवळपास निम्म्यावर आला. 2002 मध्ये ही आकडेवारी प्रसिद्ध झाली. कोळसा तोच होता, फक्त धूर घराबाहेर गेला.

गॅस परवडत असेल तर प्रश्नच नाही. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून चूल चालूच राहत असेल, तर निदान धुराडं पत्र्याच्या वर काढावं आणि आतली काजळी वरचेवर झाडावी, कारण नळी तुंबली की धूर परत घरात येतो. जळण पावसाळ्याआधी फोडून आडोशाला रचावं. ओल 20 टक्क्यांच्या खाली गेलेलं लाकूडच नीट पेटतं. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि आग धुमसत राहते.

आंघोळीचा बंब पेटवताना प्लास्टिकची पिशवी, जुनी चप्पल, टायरचा तुकडा घालायची पद्धत मात्र पूर्ण बंद व्हायला हवी. त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा असेल तर क्लोरीनमुळे डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात. तेही त्याच एएचआर प्रथिनाला धरतात, पण बेन्झोपायरीन काही दिवसांत शरीराबाहेर जातं, तर सर्वांत विषारी डायॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण 7 वर्षं लागतात. पेटवणीसाठी वाळलेली चिपाडं, गोवऱ्यांचा चुरा किंवा नारळाची किशी पुरेशी असते.

उरलं पाचट. हेक्टरी 8 ते 10 टन निघतं आणि पेटवलं की त्यातला जवळपास सगळा नत्र हवेत जातो. फलटणजवळच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस सोपी आहे: पाचट सरीत पसरून किंवा कुट्टी करून, दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं. युरिया टाळून चालत नाही. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी असल्यामुळे कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) पिवळा पडतो. ‘पाचट ठेवलं आणि ऊस बसला’ ही तक्रार बहुधा त्यामुळेच असते. बुडखे जमिनीलगत छाटून त्यांच्यावर आलेलं पाचट बाजूला सारावं, नाहीतर फुटवे दबतात. पहिलं पाणी दिल्यावर वाफसा आला की सरीतलं पाचट पायाने दाबत जावं, मातीला टेकलं की ते लवकर कुजतं.