झडपेमागचा समुद्र

अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की वाशी-बेलापूरकडच्या धारण तलावांची आठवण निघते. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून वसला आहे आणि त्यातली काही जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे हे तलाव आखले. तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. आगरी शेतकऱ्यांच्या खारबंदिस्तीतली, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधातली उघाडी (पाणी सोडायचं दार) हीसुद्धा अशीच चालते, म्हणजे ही युक्ती इथल्या मातीला नवखी नाही.

पण मागे अख्खा समुद्र असताना एवढीशी झडप टिकते कशी?

याचं उत्तर मिळायला बराच काळ गेला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरंगण्याचा नियम मांडला: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर रेटतो. (मुकुटाची प्रसिद्ध गोष्ट त्याच्या उपलब्ध लिखाणात नाही, ती सुमारे दोनशे वर्षांनी विट्रूव्हियसने सांगितली.) झडपेचं कोडं मात्र सुटलं ते १५८६ मध्ये, सिमॉन स्टेव्हिनच्या हातून. समुद्राला बांध घालून राहणाऱ्यांच्या देशातला हा अभियंता. त्याने आपला ग्रंथ लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या डच भाषेत लिहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याने दाखवलं, की तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर किंवा पाण्याच्या पसाऱ्यावर ठरत नाही, फक्त उंचीवर ठरतो. झडपेमागे खाडी असो की हातभर रुंदीचा हौद, पाणी तेवढंच चढलेलं असेल तर रेटाही तेवढाच.

पुढे टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने हवेचाही दाब मोजला. पास्कलने बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो हे मांडलं. ते लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापलं गेलं. आर्किमिडीजचा नियमही मग सहज उलगडतो. होडीचा तळ जितका खोल, तितका दाब जास्त. तोच तिला वर उचलून धरतो. खारं पाणी लिटरमागे साधारण १०२५ ग्रॅम भरतं, म्हणून समुद्रात होडी गोड्या पाण्यापेक्षा थोडी कमी बुडते.

आता झडपेचा हिशेब. एक मीटर रुंद झडपेवर एक मीटर पाणी चढलं तर सुमारे अर्ध्या टनाचा रेटा येतो. दोन मीटर चढलं तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे दोन टनांच्या आसपास. कारण दाबही वाढतो आणि भिजलेलं क्षेत्रही. एवढ्या जोराने मिटणारी झडप उंबऱ्यावर साचलेल्या गाळामुळे मात्र फटीएवढी उघडी राहते आणि त्या फटीतून भरती आत येते. तलावातही गाळ बसला असेल, तर पावसाच्या पाण्याला तेवढी जागा कमी.