मॉन्सून : 'एव्हर सो लोन्ली'च्या आधी आणि नंतर

१९८२ मध्ये 'एव्हर सो लोन्ली' हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२ व्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा ते गाणारी शीला चंद्रा अवघी सतरा वर्षांची होती. 'मॉन्सून' या बँडचे हे पहिले मोठे यश होते आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच बँड मोडला. तरीही या अल्प कारकिर्दीला महत्त्व आहे आणि त्याचे कारण त्या गाण्याच्या घडणीत आहे.

ब्रिटिश पॉपला सतार नवी नव्हती. बीटल्स या बँडच्या जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड'साठी ती वाजवली आणि पुढची काही वर्षे तिची फॅशनच झाली. मात्र बहुतेक गाण्यांचा सांगाडा पाश्चात्त्यच राहिला. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) नेहमीसारख्या बदलत आणि सतार केवळ वरची सजावट ठरे. संगीतकार-निर्माता स्टीव्ह को याने नेमका याच्या उलट विचार केला. रागात षड्ज अढळ असतो, ठरलेल्या स्वरांच्या चौकटीतच चाल फुलते आणि तानपुऱ्याच्या अखंड आधारामुळे कॉर्ड बदलण्याची गरज उरत नाही, तर मग पॉप गाणेच या तत्त्वावर का उभारू नये, हा त्याचा प्रश्न होता. बासवादक मार्टिन स्मिथ त्याच्या सोबतीला होता. गायिका म्हणून आलेली शीला लंडनमध्ये जन्मलेली होती आणि बीबीसीच्या 'ग्रेंज हिल' या शालेय मालिकेतील सुधामणी पटेलच्या भूमिकेमुळे प्रेक्षकांना परिचित होती.

तो काळ ब्रिटनमधील आशियाई लोकांसाठी कठीण होता. लंडनच्या साउथॉल भागात १९७९ मध्ये वर्णद्वेषी नॅशनल फ्रंटविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच या शिक्षकाचा मृत्यू झाला होता आणि १९८१ च्या जुलैमध्ये तेथे पुन्हा दंगल पेटली. अशा वातावरणात एक भारतीय वंशाची मुलगी 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या लोकप्रिय संगीत कार्यक्रमाच्या मंचावर इंग्रजी गाणे गाते, ही घटना मला त्या १२ व्या क्रमांकापेक्षा मोलाची वाटते. याच सुमारास लंडनमध्येच संगीतकार बिद्दू आणि पाकिस्तानी गायिका नाझिया हसन यांचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम घडला. पण त्या गाण्यांचा श्रोता मुख्यतः भारत-पाकिस्तानात होता, तर मॉन्सूनला ब्रिटिश श्रोत्यापर्यंत पोहोचायचे होते.

'एव्हर सो लोन्ली' आधी कोच्या स्वतःच्या इंडिपॉप या छोट्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) आले होते. पुढे फोनोग्राम या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि तिच्या छत्राखाली ते यशस्वी ठरले. त्यानंतरचे 'शक्ती' मात्र ४१ व्या क्रमांकावरच थांबले. बीटल्सच्या १९६६ च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'ची नवी आवृत्तीही चालली नाही, वास्तविक ही निवड अगदी तर्कशुद्ध होती, कारण ते मूळ गाणेच जवळजवळ एका कॉर्डवर आणि तानपुऱ्याच्या नादावर उभे आहे. बँडने कोणत्या दिशेने जावे यावरून कंपनीशी मतभेद वाढले आणि बँड विसर्जित झाला. त्यामुळे 'थर्ड आय' हा एकमेव अल्बम १९८३ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यामागे उभा राहायला बँडच उरला नव्हता.

को आणि शीला यांनी मूळ कल्पना सोडली नाही. १९८४ पासून इंडिपॉपवर शीलाचे एकल अल्बम येऊ लागले, त्यांपैकी 'क्वाएट'मध्ये तर शब्दांऐवजी नुसत्या स्वरांवर भर होता. १९९२ च्या 'वीव्हिंग माय अँसेस्टर्स व्हॉइसेस'मध्ये ती तालाचे बोल मुखाने म्हणण्याच्या दाक्षिणात्य कोन्नक्कोल पद्धतीपर्यंत पोहोचली आणि तिच्या आवाजाची खरी झेप तिथे ऐकू येते. पुढे तोंडात सतत जळजळ होण्याच्या विकारामुळे तिला गाणे थांबवावे लागले. त्याआधी, २००२ मध्ये, जकाटा या नावाने काम करणाऱ्या निर्मात्याने 'एव्हर सो लोन्ली' नृत्यसंगीताच्या रूपात पुन्हा आणले आणि ते 'सो लोन्ली' या नावाने ब्रिटनमध्ये ८ व्या क्रमांकावर गेले.