राफ्टिंग आणि नौकाविहार : कोणती परवानगी कशासाठी? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नाशिकहून रायगड जिल्ह्यातील कोलाडच्या राफ्टिंग सहलीसाठी (हवेच्या रबरी नौकेतून खळाळत्या नदीतील प्रवासासाठी) किंवा जलाशयातील नौकाविहारासाठी नाव नोंदवताना बहुतेक ग्राहक दर, जेवण आणि गाडी सुटण्याची वेळ विचारतात. ‘सरकारी परवानगी आहे ना?’ असे फार तर एखादा पालक विचारतो आणि ‘आहे’ एवढे उत्तर मिळाले की तोही निश्चिंत होतो. आमच्या मते हे उत्तर पुरेसे नाही, मग ते आम्ही दिलेले असो वा इतर कोणी. पाण्यावरील व्यवसायाला सर्व बाबी व्यापणारी एकच परवानगी नसते. बोटीची तपासणी एक यंत्रणा करते, व्यवसायाची नोंदणी दुसरी करते आणि ज्या पाण्यात बोट उतरते ते पाणी तिसऱ्याच विभागाच्या ताब्यात असते. यांपैकी कोणता कागद कशाची खात्री देतो आणि कशाची देत नाही, हे ग्राहकांना पैसे भरण्यापूर्वी कळावे, यासाठी हे पत्रक आहे.

बोटीचा कायदा

देशातील नद्या, कालवे आणि जलाशयांवरील बोटींसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. त्याने 1917 चा जुना कायदा रद्द केला. यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक बोटीची तांत्रिक तपासणी आणि नोंदणी झालेली असणे, ती चालवणाऱ्याकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र असणे, बोटीचा विमा असणे आणि बोटीवर जीवरक्षक साधने असणे या कायद्यानुसार आवश्यक आहे. महाराष्ट्रात तपासणी आणि नोंदणीचे हे काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे आहे. त्यामुळे स्पीड बोटीत किंवा डिझेल इंजिनाच्या प्रवासी बोटीत बसताना तपासणी प्रमाणपत्राची मुदत आणि त्यावर लिहिलेली प्रवासी क्षमता या दोन गोष्टी पाहाव्यात. क्षमतेचा आकडा बोटीवर ठळक रंगवलेला असेल, तर ते चालकाच्या शिस्तीचेही लक्षण समजावे.

राफ्टला मात्र इंजिन नसते. रबरी, हवा भरलेली आणि वल्ह्यांवर चालणारी ही नौका ‘यंत्रावर न चालणारे जलयान’ या वर्गात मोडते. नव्या कायद्यात या वर्गासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मात्र अशा नौकांची नोंद आणि किमान सुरक्षा मानके यांची अंमलबजावणी बव्हंशी राज्य शासन आणि स्थानिक संस्था यांच्यावर सोपवलेली आहे. इंजिन बोटीचा जसा सर्वेक्षक येऊन सांगाडा, इंजिन आणि पंप तपासतो, तशी राफ्टची तपासणी होत असेल, असे ग्राहकाने गृहीत धरू नये. राफ्ट सुरक्षित आहे की नाही हे तिची हवा, शिवण, दोर आणि ती चालवणारा माणूस यांवरून ठरते. शासन या क्षेत्रावर नियंत्रण ठेवते ते मुख्यतः व्यवसायाच्या बाजूने.

व्यवसायाची नोंदणी

मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर राज्य शासनाने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत 2014 मध्ये शासन निर्णय काढला. 2018 मध्ये त्याच्या जागी सुधारित निर्णय आला आणि ऑगस्ट 2021 मध्ये पर्यटन विभागाचे साहसी पर्यटन धोरण आले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणचे उपक्रम या धोरणात येतात. व्यावसायिकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आधी तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि पूर्ततेनंतर अंतिम. प्रशिक्षित मार्गदर्शक, योग्य साधने, प्रथमोपचार आणि बचावाची व्यवस्था, विमा या गोष्टींची अपेक्षा धोरणात नमूद आहे. नाशिक विभागासाठी संचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच असल्याने नोंदणीची खातरजमा करणे येथील ग्राहकाला अवघड नाही.

प्रमाणपत्र पाहताना त्यावर उपक्रमाचे नाव, ठिकाण आणि मुदत पाहावी. गिर्यारोहणासाठी नोंदणी झालेल्या संस्थेने तोच कागद दाखवून राफ्टिंग विकणे योग्य नाही. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. नाशिकमधील अनेक संस्था, आमच्यासह, कोलाडला स्वतःच्या राफ्ट पाण्यात उतरवत नाहीत. आम्ही प्रवास, निवास आणि नियोजन पाहतो आणि पाण्यावरचे काम तेथील नोंदणीकृत व्यावसायिकाकडे असते. त्यामुळे ग्राहकाने आमची कागदपत्रे पाहावीत आणि प्रत्यक्ष राफ्ट चालवणाऱ्याचीही मागावीत. मधली संस्था दुसऱ्याचे नाव सांगण्यास टाळाटाळ करत असेल, तर तेथे नाव नोंदवू नये.

जलाशयांच्या बाबतीत तिसरा कागद लागतो. धरणाचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. गंगापूर धरणासारख्या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी जाते, म्हणून तेथे बोट उतरवण्यासाठी स्वतंत्र परवानगी आवश्यक ठरते. नांदूर मध्यमेश्वरसारख्या पक्षी अभयारण्यात वन विभागाचे नियम लागू होतात. एखाद्याने स्वतःची हवेची बोट विकत घेतली, म्हणून तिला कोणत्याही पाण्यात उतरवण्याचा हक्क मिळत नाही.

नाशिकचे बरेच ग्राहक ऋषिकेशलाही जातात, म्हणून उत्तराखंडविषयी थोडे. तेथे राफ्टिंग आणि कयाकिंगसाठी (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) 2014 ची स्वतंत्र नियमावली आहे. जून 2018 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने योग्य नियमन होईपर्यंत राफ्टिंग थांबवण्याचा आदेश दिला होता. जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत गंगेवरील राफ्टिंग बंद असते. या काळात कोणी ‘खास पावसाळी सवलत’ देत असेल, तर त्यामागे काय आहे ते ओळखावे.

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात व्यावसायिक राफ्टिंगला राज्याचा परवाना लागतो आणि माणसाच्या पात्रतेची अट आकड्यांत लिहिलेली असते. गाइडचे वय किमान 18 असावे आणि त्याने नदीवर 50 तासांचे प्रशिक्षण घेतलेले असावे. सहलीच्या प्रमुखाने किमान 500 मैल, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, नदीप्रवास केलेला असावा आणि त्यातील निदान निम्मा गाइड म्हणून केलेला असावा. हा दंडक आपल्याकडे लागू नाही. तरीही गाइडला ‘तू या नदीवर किती हंगाम काम केलेस आणि बचावाचे प्रशिक्षण कोठे घेतलेस?’ असे विचारण्यास कोणाचीही आडकाठी नाही, आणि चांगल्या गाइडला या प्रश्नाचा राग येत नाही.

कागद आणि प्रत्यक्ष

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका यांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. या दोन्ही ठिकाणी खळाळते पाणी नव्हते, एक तलाव होता आणि दुसरा जलाशय. संथ पाणी सुरक्षित आणि खळाळते पाणी धोक्याचे, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी. राफ्टिंगमध्ये हेल्मेट आणि जॅकेट यांविषयी निदान सर्वजण सावध असतात. तलावातील अर्ध्या तासाच्या फेरीत मात्र फोटो चांगला यावा म्हणून जॅकेट काढून ठेवणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. अशा वेळी आमचे कर्मचारी बोट सुटू देत नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

जॅकेटविषयी काही ठोस माहिती. पाण्यात बहुतेक प्रौढ माणसांना तरंगत ठेवण्यासाठी तीन ते साडेपाच किलोच्या आसपास अधिक उचल पुरते. आंतरराष्ट्रीय मानकांतील 50 न्यूटनचे जॅकेट सुमारे पाच किलो उचल देते. ते शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्या माणसासाठी, मदत जवळ असताना वापरण्याचे साधन मानले जाते. खळाळत्या पाण्यात हवा मिसळलेली असते आणि फेसाळ पाणी शरीराला कमी उचलते, म्हणून राफ्टिंगसाठी अधिक उचल देणारे, फोमचे जॅकेट लागते. हवा भरून फुगवायचे जॅकेट खडकाळ नदीत उपयोगाचे नाही. जॅकेट अंगात घालून सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्या माणसाने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते मापाचे नाही. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. आमच्या सहलींमध्ये 14 वर्षांखालील मुलांना आम्ही खळाळत्या टप्प्यावर नेत नाही, पालकांनी आग्रह धरला तरीही.

पाणी सुटते तेव्हा

कोलाडची कुंडलिका ही राज्यातील राफ्टिंगची सर्वाधिक परिचित नदी आहे. तिचे राफ्टिंग पावसावर कमी आणि विजेवर अधिक अवलंबून आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील मुळशी जलाशयाचे पाणी बोगदा आणि नळांवाटे कोकणात भिरा येथील जलविद्युत केंद्रावर उतरते. हे केंद्र 1927 पासून सुरू आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत येते आणि त्याच पाण्यावर राफ्ट निघतात. पाणी साधारणतः सकाळी सुटते, म्हणून नाशिकहून जाणाऱ्यांना आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचावे लागते आणि उशीर चालत नाही. पाणी किती आणि केव्हा सोडायचे हे ना आमच्या हातात असते, ना राफ्टवाल्याच्या. खळाळांची प्रतवारी जगभर सहा श्रेणींत (पहिली सर्वांत सोपी, सहावी सर्वांत अवघड) केली जाते आणि कुंडलिका सामान्यतः दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीची मानली जाते. मात्र ही श्रेणी कायमची नसते. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, वाढला की तोच खळाळ वरच्या श्रेणीसारखा वागू लागतो.

गोदाकाठी राहणाऱ्यांना विसर्ग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडले की ते नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोठपर्यंत पोहोचले, हे पाहूनच येथे पुराचा अंदाज घेतला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, म्हणजे हजार क्युसेक विसर्गात दर सेकंदाला सुमारे 28 टन पाणी पुढे सरकते. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा त्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाण्यातही वाहत्या प्रवाहात उभे राहू नये. पाय दगडाच्या फटीत अडकला, तर हाच जोर माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतो. राफ्टमधून पडल्यास उताणे राहावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवावेत, वल्हे जमल्यास सोडू नये आणि गाइडने फेकलेला दोर पकडावा, तो हाताला गुंडाळू नये. पाण्यात झुकलेल्या झाडाच्या फांद्यांपासून दूर जाण्यासाठी मात्र पालथे होऊन पूर्ण ताकदीने पोहावे, कारण फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकतो.

यापेक्षाही फसवी जागा म्हणजे बंधारा. आपल्या जिल्ह्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. वरून पाणी सारख्या पडद्यासारखे पडताना दिसते आणि खाली थोडा फेस असतो, त्यामुळे तो खळाळापेक्षा सौम्य वाटतो. प्रत्यक्षात पडणारे पाणी तळाशी जाऊन पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळते आणि सापडलेली वस्तू तेथेच फिरत राहते. नैसर्गिक खळाळात हा परतणारा प्रवाह बहुधा एखाद्या बाजूने तुटलेला असतो. बंधाऱ्यात तो या काठापासून त्या काठापर्यंत सलग असतो आणि बाजूने निसटायला वाट मिळत नाही. स्वतःची बोट किंवा कयाक घेऊन गोदावरी, दारणा किंवा कादवा नदीत उतरणाऱ्यांनी बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागून बोट उचलून पलीकडे न्यावी.

संमतीपत्र आणि विमा

सहलीपूर्वी आम्ही आपल्याकडून संमतीपत्र भरून घेतो. नदीत पडणे, खरचटणे, खडकावर आपटणे यांसारखे या खेळाचे अंगभूत धोके आपल्याला समजले आहेत, एवढाच त्या सहीचा अर्थ आहे. ‘काहीही झाले तरी संस्था जबाबदार नाही’ असे वाक्य छापल्याने कोणाचीही निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही. भाडे घेऊन धोकादायक अवस्थेतील किंवा जादा भरलेल्या नौकेतून माणसे नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 284 खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम 106 लागू होते. सेवेतील त्रुटीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

विम्याचे दोन प्रकार आहेत. व्यावसायिकाचा दायित्व विमा (त्याच्यावर आलेली भरपाई देणारा) वेगळा आणि सहभागी व्यक्तीचा अपघात विमा वेगळा. सहलीच्या दरात ‘विम्यासह’ असे लिहिलेले असल्यास त्यातील कोणता, हे विचारून घ्यावे. आपल्या वैयक्तिक पॉलिसीवर विसंबून राहण्यापूर्वी ती वाचावी, कारण अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. संमतीपत्रातील आरोग्याची माहितीही खरी भरावी. हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास आम्ही राफ्टमध्ये घेत नाही, परंतु सहलीचे उर्वरित पैसे परत करतो. मद्यपान केलेल्या व्यक्तीस राफ्टमध्ये घेतले जात नाही आणि तिचे पैसेही परत मिळत नाहीत.

ठरलेल्या दिवशी पाणी सुटले नाही, किंवा विसर्ग जास्त असल्याने तेथील गाइडने राफ्ट उतरवण्यास नकार दिला, तर राफ्टिंगची पूर्ण रक्कम परत दिली जाते. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मात्र झालेला असल्याने तो परत होत नाही. नोंदणी करताना ही अट आम्ही पावतीवर लिहून देतो. ती वाचून, प्रमाणपत्रांच्या प्रती मागून घेऊन, मगच आगाऊ रक्कम भरावी.