अंतर्गत बाब: डर्बन १९४६ ते डर्बन २००१ आणि नंतर

मार्च २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक सर्वोच्च अधिकाऱ्यांनी थेट भारताच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावरील सुनावणीत आपल्यालाही म्हणणे मांडू द्यावे, अशी त्यांची विनंती होती. परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर लगेच आले: कायदा ही भारताची अंतर्गत बाब आहे, तो करण्याचा अधिकार सार्वभौम संसदेचा आहे आणि या प्रकरणात कोणत्याही परकीय पक्षाचा काही हक्क पोहोचत नाही. ऑगस्ट २०१९ मधील जम्मू-काश्मीरची पुनर्रचना, शेतकरी आंदोलनावर कॅनडाच्या पंतप्रधानांनी डिसेंबर २०२० मध्ये केलेले वक्तव्य, त्याच विषयावर मार्च २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका दालनात झालेली चर्चा आणि मार्च २०२४ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांना अटक झाल्यावर जर्मनी व अमेरिकेने केलेली टिप्पणी, या सर्व वेळी भारताची उत्तरे याच वळणाची होती. ब्रिटिश खासदारांची चर्चा लाखाहून अधिक सह्यांच्या ऑनलाइन अर्जामुळे घ्यावी लागली होती आणि तिच्या शेवटी मतदानही होणार नव्हते. तरीही दिल्लीतील ब्रिटिश उच्चायुक्तांना बोलावून नापसंती कळवण्यात आली.

बाहेरच्यांनी बोलावे की नाही, यावर आपल्याकडे जे वाद रंगतात, त्यांत दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: ‘अंतर्गत’ कशाला म्हणायचे हे कुठेतरी ठरलेले आहे. ते ठरलेले नाही. किंबहुना ही रेघ पुसट करण्याच्या कामात ज्या देशांचा पुढाकार होता, त्यांत भारताचे नाव बरेच वर लागते.

गोष्ट १९४६ ची आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने त्या वर्षी एक कायदा करून नाताळ आणि ट्रान्सव्हाल या प्रांतांतील भारतीय वंशाच्या लोकांना ठरावीक भागांबाहेर जमीन घेण्यास व वापरण्यास बंदी केली आणि त्याच्या बदल्यात गोऱ्या प्रतिनिधींमार्फत तुटपुंजे राजकीय प्रतिनिधित्व देऊ केले. भारतीयांनी त्याला ‘घेट्टो कायदा’ असे नाव दिले आणि १३ जूनला डर्बनमध्ये गेल स्ट्रीट व अंबिलो रोड यांच्या कोपऱ्यावरील नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून सत्याग्रह सुरू केला. गोऱ्या तरुणांच्या टोळक्यांनी तंबूंवर हल्ले केले, तरी सत्याग्रही त्याच जागी परत येत राहिले. या लढ्यात सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले व त्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या.

भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता. हंगामी सरकारही सप्टेंबरमध्ये यायचे होते. तरी दिल्लीने आपले उच्चायुक्त परत बोलावले, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला आणि २२ जूनला हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची मागणी केली. स्वतः ज्याच्या घरात मालक दुसराच आहे, अशा देशाने दुसऱ्याच्या घरातील कायद्याविरुद्ध जगाच्या चावडीवर तक्रार नेली, असा हा प्रसंग होता. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व एका स्त्रीकडे होते. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची जी प्रस्तावना मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार करते, तिच्या मसुद्यावर मुख्यतः त्यांचाच हात फिरलेला होता.

त्यांचा बचाव साधा होता. हे लोक आमचे नागरिक आहेत, जमीन आमची आहे, कायदाही आमचाच आहे. तेव्हा सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या उपकलमानुसार इथे कोणी बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

या उपकलमापाशी जरा थांबावे लागते, कारण पुढची सगळी भांडणे त्यातील दोन शब्दांवरून झाली आहेत. जुन्या राष्ट्रसंघाच्या करारात ‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार केवळ देशांतर्गत अधिकारातील’ बाबी वगळल्या होत्या. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सनद लिहिताना ‘केवळ’ हा शब्द काढून तेथे ‘मूलतः’ हा शब्द घालण्यात आला आणि ‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार’ हे शब्द गळाले. ज्या बाबी मूलतः देशांतर्गत अधिकारातील आहेत त्यांत हस्तक्षेप करण्याचा अधिकार ही सनद संयुक्त राष्ट्रांना देत नाही, एवढेच आता उरले. वरवर पाहता ढाल मोठी झाली; पण एखादी बाब मूलतः अंतर्गत आहे हे कोणी आणि कोणत्या मापाने ठरवायचे, हे लिहायचे राहून गेले, की मुद्दाम राहू दिले गेले, यावर आजही एकमत नाही. त्याआधी १९२३ मध्ये, ट्युनिस व मोरोक्कोतील फ्रेंच राष्ट्रीयत्वाच्या प्रकरणात, हेगच्या न्यायालयाने म्हटले होते की असा प्रश्न मुळातच सापेक्ष असतो आणि त्याचे उत्तर आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वाढीबरोबर बदलत जाते.

दुसरा शब्द ‘हस्तक्षेप’. एखाद्या कायद्यावर चर्चा करणे म्हणजे हस्तक्षेप का? दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे, विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेणे हाच हस्तक्षेप. भारताचे म्हणणे, मुळीच नाही. मराठीला हा फरक चांगला कळतो. आपल्याकडे दखल वेगळी, ढवळाढवळ वेगळी, लुडबुड वेगळी आणि हस्तक्षेप वेगळा. पण सरकारी निवेदनांच्या अनुवादात हे चारही शब्द एकाच कोठीत कोंबले जातात आणि मग नुसती दखल घेणाऱ्यालाही ढवळाढवळ केल्याबद्दल जाब विचारला जातो. हेही लक्षात घ्यावे की त्या उपकलमाने हात बांधले आहेत ते संयुक्त राष्ट्रांचे. शेजारी देशाचा मंत्री, परदेशातील वर्तमानपत्र किंवा एखादी गायिका यांनी काय बोलावे, याविषयी त्यात अवाक्षरही नाही. पुढे १९८६ मध्ये, निकाराग्वाच्या खटल्यात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निषिद्ध हस्तक्षेपाचे मर्म सांगितले ते सक्ती हे.

भारताने तीन आधार घेतले: दोन देशांतील १९२७ चा केपटाउन करार, सनदेतील मानवी हक्कांची कलमे, आणि या वागणुकीमुळे दोन सदस्य देशांचे संबंध बिघडले आहेत ही वस्तुस्थिती. प्रश्न कायद्याचा आहे, आधी न्यायालयाचे मत घ्या, असा आग्रह दक्षिण आफ्रिकेबरोबर ब्रिटन आणि अमेरिकेनेही धरला. तो फेटाळला गेला. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, ७ देश तटस्थ असताना, ठराव मंजूर झाला. दोन तृतीयांश बहुमत आवश्यक होते; बाजूचे एक मत विरोधात गेले असते तर ठराव पडला असता. भारताचा हा पहिला मोठा राजनैतिक विजय शाळेच्या पुस्तकात दोन ओळींपलीकडे का जात नाही, याचे कोडे प्रस्तुत लेखकाला उलगडलेले नाही.

त्यानंतरचा क्रम वाचकांना ठाऊक आहे. १९५२ पासून प्रश्न केवळ भारतीयांचा न राहता संपूर्ण वर्णभेदी राजवटीचा झाला, मार्च १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात ६९ लोक मेल्यावर सुरक्षा परिषद बोलली, आणि १९७७ मध्ये शस्त्रबंदी बंधनकारक झाली. भारतीय पासपोर्टवर तो दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नसल्याचा उल्लेख कित्येक वर्षे छापलेला असे. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम लढत भारताने सोडून दिली, तीही याच कारणाने.

मधल्या काळात हीच ढाल आपल्याविरुद्ध उचलली गेली, आणि तो प्रसंग कोकणपट्टीला जवळचा आहे. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपली राज्यघटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. म्हणजे पणजी कागदोपत्री लिस्बनइतकीच पोर्तुगाल झाली. १९५५ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर, तुमच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश कोणते, असे विचारले असता पोर्तुगालने उत्तर दिले, एकही नाही. गोवा हा त्यांच्या लेखी अंतर्गत मामला होता. डिसेंबर १९६० च्या ठरावात आमसभेने हा दावा अमान्य करून अशा प्रदेशांची यादीच दिली आणि तीत गोवा व त्याला जोडलेल्या प्रदेशांचा समावेश केला. वर्षभराने काय झाले ते सांगायला नको. मात्र १९५४ मध्ये चीनशी झालेल्या करारात, एकमेकांच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व भारताने पंचशीलातील तिसरे म्हणून स्वीकारले होते. आणि तो करार तिबेटशी होणाऱ्या व्यापाराचा होता, हेही विसरून चालणार नाही.

१९७१ मध्ये रेघ पुन्हा हलली. पूर्व पाकिस्तानातील दडपशाही हा आपला अंतर्गत प्रश्न आहे, असे इस्लामाबाद सांगत असताना, पाकिस्तानचा म्हटला जाणारा अंतर्गत प्रश्न आता भारताचाही अंतर्गत प्रश्न झाला आहे, असे आपल्या पंतप्रधानांनी मे महिन्यात लोकसभेत सांगितले. पुढे निर्वासितांची संख्या कोटीच्या घरात गेली. चारच वर्षांनी आणीबाणीवर परदेशी वर्तमानपत्रांतून टीका होऊ लागली, तेव्हा त्याच सरकारला त्यात ‘परकीय हात’ दिसला.

खरी अडचण झाली ती २००१ मध्ये, आणि योगायोग असा की पुन्हा डर्बनमध्येच. वंशवादविरोधी जागतिक परिषद तेथे भरली असता भारतातून गेलेल्या दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न तिच्या जाहीरनाम्यात यावा यासाठी जोर लावला. सरकारची भूमिका अशी की जात म्हणजे वंश नव्हे, अस्पृश्यता घटनेने नष्ट केली आहे, राखीव जागांपासून अत्याचारविरोधी कायद्यापर्यंत उपाय चालू आहेत आणि प्रश्न देशातच सोडवायचा आहे. जात आणि वंश एक नाहीत, याबाबत अनेक समाजशास्त्रज्ञ सरकारशी सहमत होते, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबरही होते. पण वाद वंशाचा नव्हताच. वंशभेद निर्मूलनाच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या वंश व रंग यांवर थांबत नाही. तीत कुळ किंवा जन्मपरंपरा या अर्थाचा एक स्वतंत्र शब्द आहे, आणि तो मसुद्यात आला भारताच्याच सूचनेवरून. १९६८ मध्ये भारताने करार मान्यही केला. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९९६ मध्ये भारताला कळवले की या शब्दाचा अर्थ वंशापुरता मर्यादित नाही, आणि २००२ मध्ये त्यात जात येते असे स्पष्टच लिहिले. भारताने हा अर्थ स्वीकारलेला नाही.

मराठी वाचकाला हा घोळ जरा अधिकच जाणवावा. दक्षिण आफ्रिकेतील राजवटीला आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्यापासून ‘वर्णभेद’ किंवा ‘वर्णद्वेष’ म्हटले. तिथे वर्ण म्हणजे कातडीचा रंग, आणि इथे वर्ण म्हटले की चार वर्ण. ‘जात’ या शब्दाच्या मुळाशी तर जन्म हाच अर्थ आहे. जिनिव्हात त्या समितीपुढे ज्या शब्दावर वर्षानुवर्षे खल झाला, तो आपल्या भाषेत उलगडायला कोश उघडावा लागत नाही.

डर्बनच्या जाहीरनाम्यात जात आली नाही. पण ती मागणी २००१ मध्ये परदेशी पैशावर उपटली, असे तेव्हा जे लिहिले गेले, ते इतिहासाला धरून नव्हते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याची बातमी १९४६ मध्ये वाचून, पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले त्यांनी, न्यूयॉर्कमधील एका ज्येष्ठ कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले होते. भारतातील अस्पृश्यही तसेच करण्याच्या विचारात आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात होती. जुलैअखेर तिकडून उत्तरही आले. हे त्याच वर्षी घडले, ज्या वर्षी दिल्ली दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दाद मागत होती. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही म्हण इथे लागू करण्याचा मोह होतो, पण ती सर्वच देशांना लागू असल्याने तिचा उपयोग फारसा नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते त्या देशातील पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक संमत केले, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर सही नाकारली. दोन्ही ठिकाणच्या सुनावण्यांत बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांत भारतीय वंशाचे लोकच मोठ्या संख्येने होते. तिथे राहणाऱ्या माणसाच्या नोकरीचा आणि घराचा कायदा तिथलीच नगर परिषद करीत असताना, त्यात बाहेरचे कोण आणि आतले कोण, हे ठरवणे तेव्हा कोणालाच जमले नाही.

शेजाऱ्यांच्या बाबतीत भारताने मौन पाळले आहे असेही नाही. श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने २०१२ आणि २०१३ मध्ये पाठिंबा दिला आणि २०१४ मध्ये तो तटस्थ राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली, तेव्हा दिल्लीने तिचे स्वागत न करता केवळ नोंद घेतली आणि मधेशींचा, म्हणजे नेपाळच्या दक्षिण सपाटीवरील लोकांचा, प्रश्न पुढे जिनिव्हातही मांडला. एका सार्वभौम देशाच्या राज्यघटनेहून अधिक अंतर्गत असे दुसरे काय असते, हा काठमांडूतील प्रश्न बिनतोड होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बांगलादेशात एका हिंदू धर्मगुरूंना अटक झाल्यावर आणि त्यांचा जामीन नाकारला गेल्यावर भारताने तीव्र चिंता व्यक्त करणारे निवेदन काढले. ढाक्याने त्याच दिवशी उत्तर दिले: हे निवेदन बांगलादेशच्या अंतर्गत बाबीविषयी आहे, त्यात वस्तुस्थितीचा विपर्यास आहे, आणि ते शेजाऱ्यांमधील मैत्रीच्या भावनेला धरून नाही.