वापरकर्ता-ओळख (डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन)

संगणकावर लॉगिन केलेले खाते कोणते, हे डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन ज्या क्रियेने ठरवते तिला वापरकर्ता-ओळख म्हणतात. सेटिंग्ज कुठून वाचायच्या, फाइली कुठे ठेवायच्या, परवाना कोणाच्या नावावर शोधायचा, हे सगळे तिच्यावर ठरते. ओळख चुकली तरी अ‍ॅप सहसा एरर दाखवत नाही. ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये लिहू लागते आणि वापरणाऱ्याला वाटते, आपल्या सेटिंग्ज उडाल्या.

पडद्यासमोर बसलेला वापरकर्ता आणि ज्या खात्यावर प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) चालू आहे ते खाते एकच असेल, असे गृहीत धरणे हे बहुतेक बिघाडांचे मूळ आहे. अ‍ॅपने वापरकर्त्याचे नाव विचारले, की ऑपरेटिंग सिस्टिम सहसा प्रोसेसचे खाते सांगते. समोर कोण बसले आहे ते नव्हे.

विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसला अ‍ॅक्सेस टोकन (खाते आणि त्याचे अधिकार यांची नोंद) जोडलेले असते आणि त्यात खात्याचा एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. साध्या खात्यावरून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडून अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला, की अ‍ॅप थेट अ‍ॅडमिनच्या खात्यावर सुरू होते. रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला) चालू वापरकर्त्याचा भाग आणि डॉक्युमेंट्स फोल्डर दोन्ही अ‍ॅडमिनचे. लॉगिन केलेले खातेच अ‍ॅडमिन असेल, तर खाते तेच राहते, फक्त अधिकार वाढतात. प्रोग्रॅमर बहुधा अ‍ॅडमिन खात्यावरच काम करतो, त्यामुळे हा दोष त्याच्या मशीनवर दिसतच नाही. चाचणी साध्या खात्यावर घेतलीच पाहिजे.

सर्व्हिसची, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमची, गोष्ट आणखी वेगळी. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन ० मध्ये (सेशन म्हणजे एका लॉगिनची स्वतंत्र जागा) चालतात आणि माणसांची लॉगिन सेशन १ पासून पुढे सुरू होतात. लोकल सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यावरच्या (एसआयडी एस-१-५-१८) सर्व्हिसने स्वतःचे नाव विचारून उपयोग नाही. तिने चालू सेशन्सची यादी घेऊन प्रत्येकाचा वापरकर्ता तपासावा. फक्त कन्सोलचे (त्याच मशीनसमोर बसलेल्याचे) सेशन पाहिले, तर रिमोट डेस्कटॉपवरून आलेला माणूस सुटतो.

लिनक्समध्ये प्रोसेसला खरा (कोणी सुरू केली) आणि प्रभावी (कोणाचे अधिकार वापरते) असे वेगवेगळे यूआयडी, म्हणजे खात्याचे क्रमांक, असतात. ‘हूअ‍ॅमआय’ ही कमांड प्रभावी यूआयडीचे नाव दाखवते, म्हणून सुडोने (दुसऱ्या खात्याच्या, सहसा रूटच्या अधिकारांनी कमांड चालवणाऱ्या कमांडने) चालवल्यावर उत्तर ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी खाते, येते. मूळ वापरकर्त्याचे नाव सुडो ‘सुडो युजर’ (SUDO_USER) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणाऱ्या नाव-किंमत नोंदीत, ठेवते. ग्राफिकल अ‍ॅप एकदा सुडोने उघडले आणि होम डिरेक्टरी तीच राहिली, तर सेटिंग्जच्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊ शकतात. पुढच्या वेळी तेच अ‍ॅप साध्या खात्यावरून त्यात लिहू शकत नाही. अशा वेळी अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही, फाइलींची मालकी बदलावी लागते.

नावावर विसंबणे हा दुसरा मोठा दोष. विंडोजमध्ये खात्याचे नाव बदलले तरी प्रोफाइल फोल्डरचे (खात्याच्या फाइली आणि सेटिंग्जच्या फोल्डरचे) नाव जुनेच राहते, एसआयडीही तोच राहतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सेटअप केले असेल, तर फोल्डरला बहुधा ईमेलची पहिली ५ अक्षरे मिळतात. त्यामुळे ‘युजर्स’च्या पुढे नाव चिकटवून पाथ (फोल्डरचा पत्ता) तयार करणारा कोड कधी ना कधी फसतोच; पाथ सिस्टिमकडूनच मागावा. ‘युजरनेम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तर कोणीही कमांड प्रॉम्प्टमध्ये बदलून अ‍ॅप सुरू करू शकतो, म्हणून सुरक्षेच्या निर्णयासाठी ते कधीच वापरू नये.

तपासणीची सुरुवात टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबवरून करावी. तिथल्या ‘युजर नेम’ स्तंभात प्रोसेस कोणत्या खात्यावर चालू आहे ते दिसते, आणि अर्धेअधिक प्रश्न तिथेच सुटतात. खाते बरोबर असूनही सेटिंग्ज कोऱ्या दिसत असतील, तर विंडोजने तात्पुरते प्रोफाइल उघडले आहे का ते पाहावे. रजिस्ट्रीच्या प्रोफाइल लिस्टमध्ये त्याच एसआयडीची ‘.बॅक’ (.bak) शेपटीची नोंद ही त्याची नेहमीची खूण. अ‍ॅप लिहिणाऱ्याने सुरू होतानाच एसआयडी किंवा यूआयडी, सेशन क्रमांक आणि प्रोफाइलचा पाथ लॉगमध्ये लिहिला, तर यातले बरेचसे शोधकाम वाचते.